संसार दोन देशांत, कायदा कोणाचा? कौटुंबिक कायद्याच्या तुलनेची पहिली ओळख

1975 साली तिरुपतीला एक लग्न झालं. पुढे नवऱ्याने अमेरिकेत, मिसुरी राज्यातल्या कोर्टातून 1980 मध्ये घटस्फोटाचा हुकूमनामा मिळवला आणि 1981 मध्ये भारतात दुसरं लग्न केलं. पहिल्या पत्नीने फिर्याद केली: माझं लग्न कायम असताना यांनी दुसरं केलं. प्रकरण भारताच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. 1991 मध्ये निकाल आला की मिसुरीचा हुकूमनामा भारतात धरता येणार नाही. म्हणजे तोच माणूस मिसुरीत घटस्फोटित आणि भारतात विवाहित. या विषयातले लोक अशा लग्नाला 'लंगडं लग्न' म्हणतात, कारण ते एका देशात उभं असतं आणि दुसऱ्यात पडलेलं.

नव्याने या विषयाकडे वळणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हाच खटला वाचायला सांगते. तो विद्यार्थी असो, नवा वकील असो, समुपदेशक असो, किंवा ज्याचा स्वतःचाच संसार दोन देशांत पसरला आहे असा कोणी असो. बहुतेकांची सुरुवात एकाच प्रश्नाने होते: 'अमुक देशात घटस्फोट कसा मिळतो?' मिसुरीच्या त्या नवऱ्याला या प्रश्नाचं बरोबर उत्तर मिळालं होतं आणि तरीही तो अडकला. विचारायला हवे होते ते प्रश्न तीन होते. इथून पुढच्या सगळ्या पायऱ्या त्या तिघांभोवतीच फिरतात.

पहिली पायरी: तीन प्रश्न वेगळे ठेवा

पहिला प्रश्न, कोणत्या कोर्टाला हे प्रकरण ऐकण्याचा अधिकार आहे? दुसरा, ते कोर्ट कोणत्या देशाचा कायदा लावेल? तिसरा, निकाल लागल्यावर दुसरा देश तो मानेल का?

पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर एकच असणार असं सहज वाटतं. इंग्लंडसारख्या कॉमन लॉ पद्धतीच्या, म्हणजे जिथे कायदा बराचसा न्यायाधीशांच्या निकालांतून घडतो अशा देशांत घटस्फोटापुरतं ते बहुधा खरंही असतं: कोर्टाने प्रकरण हातात घेतलं की ते आपलाच कायदा लावतं. युरोप खंडातल्या संहिताधारित, म्हणजे लिहून ठेवलेल्या कलमांवर चालणाऱ्या पद्धतीत मात्र एका देशाचा न्यायाधीश दुसऱ्या देशाच्या कायद्याने घटस्फोट देऊ शकतो. युरोपीय संघातल्या बऱ्याच देशांनी 2010 चा एक नियम स्वीकारला आहे. त्याप्रमाणे पती-पत्नी काही मर्यादेत कायदा स्वतः निवडू शकतात. निवडला नसेल तर आधी दोघांच्या नेहमीच्या वास्तव्याचा देश पाहायचा, तो लागू होत नसेल तर शेवटच्या एकत्र वास्तव्याचा, मग समान नागरिकत्वाचा आणि काहीच जुळलं नाही तर कोर्टाच्या देशाचा.

कोणतं प्रकरण आधी कुठे दाखल झालं याला युरोपीय संघाच्या आत फार वजन आहे. ज्या देशातल्या कोर्टात आधी अर्ज गेला ते पुढे जातं, दुसऱ्याने थांबायचं. त्यामुळे समेटाची बोलणी चालू असतानाच एक पक्ष गुपचूप अर्ज ठोकून मोकळा होतो. कॉमन लॉ देशांत तारखेपेक्षा 'हे प्रकरण कुठे चालणं अधिक योग्य' हे पाहिलं जातं. एका ठिकाणी चार दिवसांचा उशीर सगळं बदलतो, दुसऱ्या ठिकाणी तो क्षम्य ठरतो. समोर प्रकरण आलं की ही गोष्ट पहिल्याच दिवशी तपासा.

दुसरी पायरी: देशाचं नाव पुरेसं नाही

'अमेरिकेचा कायदा' अशी गोष्ट कौटुंबिक बाबतीत जवळजवळ नाहीच. कायदा राज्याचा असतो. नेवाडात सहा आठवडे राहिलं की घटस्फोटाचा अर्ज करता येतो. कॅलिफोर्नियात सहा महिन्यांचं वास्तव्य लागतं आणि समोरच्याला कागद बजावल्यापासून निदान सहा महिने घटस्फोट पक्का होत नाही. ब्रिटनमध्ये इंग्लंड आणि वेल्सचा कायदा वेगळा, स्कॉटलंडचा वेगळा, उत्तर आयर्लंडचा वेगळा. कॅनडात घटस्फोट केंद्राच्या कायद्याने मिळतो, पण मालमत्तेची वाटणी प्रांताच्या कायद्याने होते, म्हणजे एकाच जोडप्याला दोन कायदे.

हे झालं नकाशावरचं विभाजन. दुसरं विभाजन माणसाच्या धर्मावरून होतं. भारतात हिंदू विवाह कायदा 1955 चा, धर्मनिरपेक्ष विशेष विवाह कायदा 1954 चा आणि इतर समाजांचे आपापले व्यक्तिगत कायदे आहेत. गोव्यात पोर्तुगीज काळातली 1867 ची नागरी संहिता अजून कुटुंबाला लागू होते आणि उत्तराखंडात 2025 पासून समान नागरी संहिता अमलात आली. लेबनॉनमध्ये 18 मान्यताप्राप्त धर्मसमुदाय आहेत आणि देशाचा स्वतःचा नागरी विवाह कायदाच नाही. म्हणून तिथली कितीतरी जोडपी सायप्रसला जाऊन नागरी लग्न करून येतात. लेबनॉन ते लग्न मानतो आणि पुढे वाद झालाच तर तिथलं नागरी कोर्ट लग्न जिथे लागलं त्या देशाचा कायदा लावतं. एका लेबनीज न्यायाधीशाने सायप्रसचं पुस्तक उघडून दोन लेबनीज माणसांचा संसार सोडवायचा, असं हे चित्र आहे. ज्याला हे एकदा डोळ्यांसमोर आणता आलं त्याला पहिल्या पायरीतले तीन प्रश्न वेगळे का ठेवायचे ते पुन्हा सांगावं लागत नाही.

म्हणून नोंद करताना नुसतं 'देश: लेबनॉन' लिहू नका. देश, त्यातला प्रांत, माणसाचा धर्म किंवा समुदाय, आणि लग्न कोणत्या कायद्याखाली लागलं, अशा चार गोष्टी लिहा.

तिसरी पायरी: माणूस कोणत्या धाग्याने बांधला आहे ते शोधा

माणसाला एखाद्या कायद्याशी जोडणारे धागे मुख्यतः तीन.

नागरिकत्व हा युरोप खंडाचा आवडता धागा. इटलीचा कायदेपंडित मान्चिनी याने 1851 मध्ये तुरिनच्या व्याख्यानात राष्ट्रीयत्वाला कायद्याच्या मुळाशी बसवलं आणि तो विचार पुढे संहितांमधून दूरवर पसरला. याचा फायदा म्हणजे पासपोर्ट पाहिला की उत्तर मिळतं. तोटा असा की वीस वर्षं परदेशात काढलेल्या माणसालाही त्याने कधीच मागे सोडलेला कायदा चिकटून राहतो.

अधिवास हा कॉमन लॉचा धागा आणि नवख्यांना सर्वांत जास्त चकवणारा. अधिवास म्हणजे राहण्याचा पत्ता नव्हे. जन्माने मिळालेला अधिवास सोडून नवा घ्यायचा तर तिथेच कायमचं राहण्याचा इरादा सिद्ध व्हावा लागतो. ब्रिटनमध्ये 1930 साली एका मृत्युपत्राच्या खटल्यात हा प्रश्न आला. ग्लासगोचा एक माणूस आयुष्याची सुमारे 36 वर्षं लिव्हरपूलला राहिला आणि तिथेच वारला. आईच्या अंत्यविधीलाही तो परत गेला नाही. तरी हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च कोर्टाने, त्याचा अधिवास स्कॉटलंडचाच ठरवला. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा: इंग्लंडमध्ये लग्न झालेल्या स्त्रीचा अधिवास आपोआप नवऱ्याचा मानला जाई, तो नियम 1974 पासून गेला. जुना निकाल वाचताना ही तारीख डोक्यात नसेल तर चुकीचा निष्कर्ष निघतो.

तिसरा धागा म्हणजे नेहमीचं वास्तव्य. हेगच्या आंतरराष्ट्रीय करारांनी हाच धरला, कारण तो दोन्ही पद्धतींना चालण्यासारखा आहे. त्याची पक्की व्याख्या मुद्दामच कुठे केलेली नाही. 2020 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे इटलीत जन्मलेल्या एका मुलीचं प्रकरण आलं. ती साधारण दोन महिन्यांची असताना आई तिला ओहायोला घेऊन गेली होती. तान्ह्या बाळाचं 'नेहमीचं वास्तव्य' कुठलं? न्यायालयाने सांगितलं की आईवडिलांमध्ये तसा ठराव झालेला असलाच पाहिजे असं नाही, सगळी परिस्थिती एकत्र पाहायची. मुलीला इटलीला परत पाठवण्याचा आदेश कायम राहिला.

मी अशा वेळी एक आडवा कागद घेते. मधोमध रेघ, तिच्यावर तारखा: जन्म, लग्न, प्रत्येक स्थलांतर, मुलांचे जन्म, कोण कधी कुठल्या विमानात बसलं, घराचा भाडेकरार कधीचा, शाळेत नाव कधी घातलं. रेघेच्या वर एकाचं आयुष्य, खाली दुसऱ्याचं. निम्मी उत्तरं त्या कागदावरच दिसू लागतात. विशेषतः दोघांचं एकत्र वास्तव्य नेमकं कोणत्या महिन्यात संपलं हे तोंडी सांगताना हमखास चुकतं आणि कागदावर लगेच उघडं पडतं.

चौथी पायरी: लग्न आहे का, ते आधी पाहा

घटस्फोटाच्या गडबडीत ही पायरी लोक ओलांडून जातात. ढोबळ नियम असा: विधी आणि नोंदणी यांची बाजू लग्न जिथे लागलं त्या ठिकाणच्या कायद्याने पाहायची. लग्नाची पात्रता, म्हणजे वय, नातं, आधीचं लग्न, ही ज्याच्या त्याच्या व्यक्तिगत कायद्याने, मग तो अधिवासाचा असो वा नागरिकत्वाचा.

इथे दाखल्याचं वजन देशागणिक बदलतं. फ्रान्समध्ये नगरपालिकेत अधिकाऱ्यासमोर झालेलं लग्न हेच कायद्यातलं लग्न. चर्चमधला समारंभ कितीही थाटाचा असला तरी त्याने कायदेशीर लग्न होत नाही. जर्मनीतही तसंच. हिंदू विवाह कायद्यात याच्या नेमकं उलटं आहे. लग्न विधींनी होतं, नोंदणी हा फक्त पुरावा. 2024 मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की विधीच झाले नसतील तर नुसत्या नोंदणीच्या दाखल्याने हिंदू विवाह उभा राहत नाही. तेव्हा व्हिसासाठी किंवा घाईत 'आधी नोंदणी करून घेऊ, विधी नंतर' असं ज्यांनी केलं असेल त्यांचा कागद दोन देशांत दोन वेगळ्या गोष्टी सांगतो.

विधी आणि नोंदणी दोन्ही नसूनही लग्न मानणारी ठिकाणं आहेत. टेक्सास आणि कोलोरॅडोत पती-पत्नी म्हणून राहणं आणि तसं लोकांत वावरणं यांवरून लग्न सिद्ध होऊ शकतं. समलिंगी विवाहाचं लंगडेपण सध्या सर्वांत ठळक आहे. नेदरलँड्सने 2001 मध्ये तो मान्य केला, थायलंडने 2025 मध्ये, आणि भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये तो हक्क देण्यास नकार दिला. विमानाच्या एका प्रवासात नातं कायद्याच्या नजरेतून नाहीसं होतं. ज्यांच्यावर ते ओढवतं त्यांच्यासाठी रुग्णालयात सही कोणी करायची इथपासून प्रश्न सुरू होतात.

पाचवी पायरी: घटस्फोट कोण देतं आणि कशावर

तीन गोष्टी विचारा: देणारा कोण, कारण लागतं का, आणि थांबावं किती लागतं.

देणारा म्हणजे न्यायाधीशच असं धरून चालू नका. जपानमध्ये दोघं राजी असतील तर ठरलेला अर्ज भरून, दोन सज्ञान साक्षीदारांच्या सह्या घेऊन तो पालिकेच्या कचेरीत दिला की झालं. तिथले बहुतेक घटस्फोट असेच होतात. फ्रान्समध्ये 2017 पासून परस्परसंमतीच्या घटस्फोटाला न्यायाधीश लागत नाही. दोघांचे दोन वकील मसुदा करतात, विचाराला 15 दिवस देतात आणि कागद नोटरीकडे जमा होतो. हे दोन्ही मार्ग घरच्या घरी सोयीचे आहेत. पण ज्या देशाला 'सक्षम न्यायालयाचा हुकूमनामा' हवा असतो तिथे हाच कागद घेऊन गेलं की खिडकीवरचा माणूस न्यायाधीशाची सही शोधत बसतो. दुसऱ्या देशाशी संबंध असेल तर जपानमध्येसुद्धा कौटुंबिक न्यायालयामार्फत गेलेलं बरं, असं माझं मत आहे. वेळ थोडा जास्त जातो, पण पुढचा त्रास वाचतो.

पाकिस्तानात 1961 च्या अध्यादेशाप्रमाणे तलाक उच्चारल्यावर स्थानिक परिषदेच्या अध्यक्षाला नोटीस द्यावी लागते आणि 90 दिवस जावे लागतात. तिथे पूर्ण झालेला असा तलाक इंग्लंड काही अटींवर मानतं. पण इंग्लंडच्या भूमीवर उच्चारलेला मानत नाही, कारण तिथे घटस्फोट फक्त नागरी कोर्ट देऊ शकतं. शब्द तेच, फक्त ते बोलताना माणूस कुठे उभा होता यावर निकाल.

धार्मिक आणि नागरी घटस्फोट दोन्ही लागतात तेव्हा आणखी एक कोंडी होते. ज्यू धर्मविधीप्रमाणे नवऱ्याने 'गेट' नावाचा लेख दिल्याशिवाय पत्नी धर्माच्या नजरेत मोकळी होत नाही. इस्रायलमध्ये ज्यूंच्या विवाह-घटस्फोटाचा अधिकार 1953 च्या कायद्याने रब्बींच्या न्यायालयांकडेच आहे. कॅनडात एका पतीने 1980 मध्ये गेट देण्याचं लेखी कबूल केलं आणि 15 वर्षं दिला नाही. नागरी घटस्फोट कधीच झालेला होता. 2007 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या पत्नीला मिळालेली नुकसानभरपाई कायम केली. तिच्या आयुष्यातली 15 वर्षं मात्र कोणतंच कोर्ट परत देऊ शकलं नाही. समुपदेशकांनी म्हणून पहिल्याच भेटीत विचारावं: तुम्हाला फक्त सरकारी कागद हवा आहे, की तुमच्या समाजातही मोकळं व्हायचं आहे?

कारणांच्या बाबतीत जग दोष सिद्ध करण्याकडून 'लग्न मोडलं आहे' एवढं मानण्याकडे सरकलं आहे. कॅलिफोर्नियाने 1969 मध्ये तसा कायदा केला, न्यू यॉर्कने 2010 मध्ये, इंग्लंड आणि वेल्समध्ये तो 6 एप्रिल 2022 पासून लागू आहे. तिथे आता अर्जानंतर 20 आठवडे आणि मग आणखी 6 आठवडे थांबायचं. जर्मनीत दोघं तयार असतील तर वर्षभर वेगळं राहणं पुरतं. एकाचा विरोध असेल तरी तीन वर्षं वेगळं राहिल्यावर लग्न मोडलं असं गृहीत धरतात. भारतात हिंदू विवाह कायद्याखाली परस्परसंमतीसाठी वर्षभर वेगळं राहणं आणि पहिल्या अर्जानंतर सहा महिने अशी रचना आहे. हे सहा महिने योग्य प्रकरणात माफ होऊ शकतात असं 2017 मध्ये ठरलं. आयर्लंडने 1995 मध्ये सार्वमत घेऊन घटस्फोट आणला, चिलीने 2004 मध्ये, माल्टाने 2011 मध्ये. फिलिपिन्समध्ये मुस्लिम समाज सोडला तर तो अजून नाही. त्या देशाकडे शेवटी परत येऊ.

सहावी पायरी: पैसा. इथे सावकाश चला

माझ्या मते सगळ्या विषयातला सर्वांत खोल फरक इथे आहे. घटस्फोटाची कारणं हळूहळू एकमेकांसारखी होत आहेत, मालमत्तेचा विचार मात्र मुळातूनच वेगळा आहे.

एक गट म्हणतो की लग्न होताच मालमत्तेची एक राजवट सुरू होते, तुम्ही ती निवडा अथवा न निवडा. फ्रान्समध्ये 1966 पासून काही करार नसेल तर लग्नानंतर कमावलेलं दोघांचं असतं. लग्नापूर्वीचं आणि वारशाने आलेलं ज्याचं त्याचं राहतं. अमेरिकेतल्या नऊ राज्यांत याच जातीची सामाईक मालमत्ता आहे, कॅलिफोर्निया आणि टेक्सास त्यांत येतात. नेदरलँड्समध्ये तर लग्नापूर्वीचंसुद्धा एकत्र होत असे. तो नियम 2018 पासूनच्या लग्नांसाठी बदलला. म्हणजे तिथे लग्नाची तारीखच सगळं ठरवते.

जर्मनीची पद्धत हिशेबाची आहे. लग्न चालू असताना ज्याचं त्याचं वेगळं. संपताना प्रत्येकाची वाढ मोजायची. समजा, पतीकडे लग्नाच्या दिवशी 10 होते, शेवटी 50. वाढ 40. पत्नीकडे 20 होते, शेवटी 30. वाढ 10. फरक 30, त्याचा अर्धा 15, तेवढे पतीने पत्नीला द्यायचे. वारशाने आलेलं सुरुवातीच्या रकमेत धरतात, त्यामुळे ते वाढीत येत नाही. कागद-पेन्सिल घेऊन हे उत्तर काढता येतं.

इंग्लंडमध्ये काढता येत नाही. तिथला 1973 चा कायदा न्यायाधीशाने काय काय पाहावं त्याची यादी देतो: गरजा, वय, उत्पन्न, लग्न किती वर्षं टिकलं, घराला कोणी काय दिलं, आणि सर्वांत आधी लहान मुलांचं हित. 'अर्धं-अर्धं' हा शब्द तिथे शोधून सापडत नाही. तो आला 2000 सालच्या एका शेतकरी जोडप्याच्या निकालातून: कमावणं आणि घर सांभाळणं यांत भेदभाव नको, आणि ठरवलेली वाटणी समानतेच्या मापाला लावून पाहा. कॉमन लॉ देशाचं नुसतं कलम वाचून उत्तर देऊ नका असं मी वारंवार सांगते ते यासाठी. संहितेच्या देशात कलम हे दार असतं, तिकडे ते फक्त पाटी असते.

तिसरा गट वेगळ्या मालमत्तेचा. इस्लामी कायद्यात पत्नीची मालमत्ता पूर्णपणे तिची आणि मेहर हा तिचा लग्नातला हक्क. घटस्फोटात घराची अर्धी वाटणी ही कल्पना त्यात नाही. भारतातही, गोवा सोडलं तर, घटस्फोटाने नवऱ्याच्या नावावरच्या घरात आपोआप वाटा मिळत नाही. जे मिळतं ते पोटगी, स्त्रीधन आणि राहण्याचा हक्क या वाटांनी.

आता या पद्धती एकमेकींना भिडल्या की काय होतं ते एका प्रकरणात जवळून पाहा. जर्मन स्त्री, श्रीमंत घराण्यातली. फ्रेंच पुरुष, बँकेत नोकरी. 1998 च्या ऑगस्टमध्ये ड्युसेलडॉर्फजवळच्या एका नोटरीसमोर करार झाला: लग्न मोडलं तर कोणी कोणाकडे काही मागायचं नाही. नोव्हेंबरमध्ये लंडनला लग्न. जर्मनीत किंवा फ्रान्समध्ये हा रोजचा कागद. पण संसार लंडनला झाला, दोन मुली झाल्या, त्याने बँक सोडून संशोधन धरलं आणि लग्न मोडलं. इंग्लंडमध्ये असे करार तोवर बंधनकारक नव्हते. पहिल्या कोर्टाने त्याला 55 लाख पौंडांहून जास्त दिले. वरच्या कोर्टाने ते बरेच कापले. 2010 मध्ये राडमाखर विरुद्ध ग्रानातिनो या नावाने सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला: परिणामांची पूर्ण जाणीव ठेवून मोकळेपणाने केलेला करार कोर्टाने मानावा, तो मानणं त्या परिस्थितीत अन्यायाचं होत नसेल तर. तेव्हा करारावर सही करताना विचारायचा प्रश्न हा: हा संसार पुढे कुठे जाऊ शकतो, आणि तिथलं कोर्ट या कागदाकडे कसं पाहील? दोघांना स्वतंत्र वकील आणि दोघांना कळणाऱ्या भाषेतला मसुदा, एवढं तरी हवंच.

जाता जाता नोटरीबद्दल. जर्मनी-फ्रान्सचा नोटरी हा कायद्याचं शिक्षण घेतलेला अधिकारी असतो, तो करार समजावून सांगतो आणि त्याच्यासमोर झालेल्या लेखाला वेगळं वजन असतं. शिक्का मारून सही प्रमाणित करणाऱ्या नोटरीशी त्याची गल्लत करू नका.

मुलांच्या खर्चाबद्दल थोडक्यात. काही ठिकाणी तो कोष्टकाने ठरतो. विस्कॉन्सिन राज्यात खर्च देणाऱ्या पालकाच्या उत्पन्नाच्या 17 टक्के एका मुलासाठी, 25 टक्के दोघांसाठी असं प्रमाण आहे. जर्मनीत 'ड्युसेलडॉर्फ कोष्टक' वापरतात, तो कायदा नाही पण कोर्टं पाळतात. बाकी ठिकाणी न्यायाधीशाचा अंदाज.

सातवी पायरी: मुलं, आणि फसवे शब्द

'कस्टडी' हा शब्द भाषांतरात सर्वांत जास्त घोटाळे करतो. इंग्लंडने 1989 च्या कायद्यात तो टाकून दिला आणि 'पालकाची जबाबदारी' आणली. घटस्फोटाने ती जात नाही. जर्मनीत 1998 च्या सुधारणेपासून घटस्फोटानंतरही दोघांचा अधिकार एकत्र चालू राहतो. इस्लामी कायद्यात मुलाचा रोजचा सांभाळ आणि त्याचं पालकत्व या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सांभाळ आईकडे आणि पासपोर्ट, शाळा, मालमत्ता यांचा निर्णय वडिलांकडे असं होऊ शकतं. जपानमध्ये घटस्फोटानंतर एकाच पालकाकडे अधिकार जात असे, 2024 मध्ये तो कायदा बदलला. म्हणून हुकूमनाम्यात 'कस्टडी आईला' असं वाचलंत की विचारा: मुलाला परदेशी नेण्याची परवानगी कोण देणार, आणि शाळेच्या फॉर्मवर कोणाची सही चालते?

मुलाला एका पालकाने परवानगीशिवाय दुसऱ्या देशात नेलं तर 1980 चा हेग करार लागू होतो, दोन्ही देश त्यात असतील तरच आणि मूल 16 वर्षांखालचं असेल तरच. हा करार ताबा कोणाला हे ठरवत नाही. ते ठरवणारं कोर्ट मुलाच्या नेहमीच्या वास्तव्याचं, एवढंच तो सांगतो. एक वर्षाच्या आत अर्ज केला तर परत पाठवणं हा नियम. मुलाला गंभीर धोका असेल तर अपवाद. वर्ष उलटलं आणि मूल नव्या जागी रुळलं तर चित्र पालटतं. म्हणून मूल गेल्याचं कळताच समजुतीत महिने घालवू नका, अर्ज करून मग बोला. उलट बाजूला, मारहाणीतून सुटण्यासाठी मूल घेऊन निघालेल्या आईला हाच करार परत त्याच शहरात पाठवू शकतो. तिने पोलीस तक्रार, डॉक्टरांचे कागद, निरोप जपले असतील तरच तो अपवाद तिच्या कामी येतो. भारत या करारात नाही. तिथे 2017 च्या निकालाप्रमाणे परदेशी कोर्टाचा आदेश हा विचारात घ्यायचा एक मुद्दा, मुलाचं हित सर्वांत वर.

दत्तकाचं एवढंच सांगते की इस्लामी कायद्यात मुलाचं कूळ बदलणारं पूर्ण दत्तक नाही, 'कफाला' नावाची सांभाळाची व्यवस्था आहे. 1989 च्या बालहक्क करारात तिचा नावाने उल्लेख आहे. कफालाचा कागद म्हणजे दत्तकपत्र समजून व्हिसासाठी गेलेली कुटुंबं अडकतात.

आठवी पायरी: मान्यता आणि कागद

तिसऱ्या प्रश्नाकडे परत येऊ. मिसुरीचा हुकूमनामा का पडला? भारताच्या न्यायालयाने पाहिलं की अधिकारक्षेत्र आणि कारण हे दोन्ही, ज्या कायद्याखाली लग्न लागलं त्याला धरून आहेत का. दुसरी बाजू स्वखुशीने हजर होऊन लढली असती किंवा तिने मोकळी संमती दिली असती तर वाट निघाली असती. पण तो घटस्फोट 'लग्न मोडलं आहे' या कारणावर होता आणि हिंदू विवाह कायद्यात ते कारण नाही. आणखी एक बारीक गोष्ट नजरेत ठेवा. खालच्या कोर्टाने हुकूमनाम्याच्या फोटोकॉपीवर विश्वास ठेवून नवऱ्याला सोडलं होतं, आणि प्रमाणित नसलेली फोटोकॉपी पुरावा म्हणून चालत नाही हाही मुद्दा शेवटपर्यंत टिकला.

तेव्हा प्रमाणित प्रत त्याच दिवशी घ्या, दोन-तीन घ्या. दोन्ही देश 1961 च्या हेग करारात असतील तर तिच्यावर अपोस्टील, म्हणजे कागद खरा असल्याचं दुसऱ्या देशाला सांगणारं सरकारी प्रमाणपत्र, लागतं. भारत 2005 पासून त्यात आहे, चीन 2023 पासून. समोरच्या पक्षाला नोटीस कशी बजावली त्याचाही पुरावा जपा, कारण परक्या देशातला निकाल पाडणारी सर्वांत सोपी तक्रार 'मला कळवलंच नाही' हीच असते. नावाचं स्पेलिंग पासपोर्ट, विवाह दाखला आणि हुकूमनामा यांत एक आहे का पाहा. नसेल तर दुरुस्ती हुकूमनामा हातात येण्याआधी करून घ्या.

आणि फिलिपिन्स. तिथल्या 1987 च्या कुटुंब संहितेत एक झरोका आहे: परदेशी जोडीदाराने परदेशात घटस्फोट घेतला तर फिलिपिनो जोडीदारही मोकळा होतो. मानालो नावाच्या फिलिपिनो स्त्रीने मात्र जपानी नवऱ्यापासून 2011 मध्ये जपानच्या कोर्टात घटस्फोट स्वतः मिळवला होता. अर्ज परदेशी माणसाचा नव्हता म्हणून खालच्या कोर्टाने विवाहाची नोंद पुसायला नकार दिला. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्या बाजूने सांगितलं की अर्ज कोणीही केलेला असो, दोघंही मोकळे होतात. पण प्रकरण तिथे संपलं नाही. जपानचा घटस्फोट कायदा नेमका काय आहे हे पुराव्याने शाबीत करायचं राहून गेलं होतं, कारण परदेशी कायदा हा तिथल्या कोर्टात इतर कोणत्याही वस्तुस्थितीसारखा सिद्ध करावा लागतो. सात वर्षांनी जिंकलेली ती स्त्री जपानच्या कायद्याच्या प्रमाणित प्रतीसाठी पुन्हा खालच्या कोर्टात पाठवली गेली.